दोघींनी घेतलेले पेडल

माझ्या उजव्या नडगीवर सात टाक्यांचा व्रण आहे. तो दुखत नाही. डाव्या गुडघ्यावर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि जिना उतरताना जीव नकोसा करतो तो तोच. नडगीबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. गुडघ्याबद्दल आहे, आणि ती मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. नवऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणतो, "सोड ना आता." सोडायचं कसं, ते मात्र तो सांगत नाही.

आम्ही मीरा रोडजवळ इंद्रलोकला एकाच सोसायटीत राहतो. मी डी विंगमध्ये, माझी मैत्रीण बी विंगमध्ये. मी एका शाळेच्या ऑफिसात, ती दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला. माझं माहेर रत्नागिरीकडचं, तिचं रायगडातलं. आमची ओळख सोसायटीच्या हळदीकुंकवात झाली आणि दोघींनाही हळदीकुंकवाचा सारखाच कंटाळा आहे हे कळल्यावर घट्ट झाली. पुढची सहा वर्षं आम्ही एकटीने काही घेतलं नाही. तिने मिक्सर घेतला की मी त्याच दुकानातून तोच मिक्सर घ्यायचे. मी चष्म्याची फ्रेम बदलली की आठवड्याभरात तिच्या नाकावर तीच. फायदा असा, की एकीचं काही बिघडलं तर दुसरीला विचारता यायचं, तुझं कसं चाललंय. एवढा एक नियम आमच्या मैत्रीत होता आणि तो आम्ही कधी बोलूनही दाखवला नव्हता.

सायकलीही अशाच घेतल्या. चाळिशी ओलांडल्यावर, एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या. तिची निळी, माझी लाल. "महिन्याभरात कपडे वाळत घालाल त्यांच्यावर," माझा नवरा म्हणाला. त्याला खोटं पाडण्यासाठी मी पहिलं वर्ष सायकल चालवली. दुसऱ्या वर्षापासून स्वतःसाठी चालवायला लागले. रविवारी पहाटे साडेपाचला गेटवर भेटायचं, मेट्रोच्या खांबांखालून काशिमिऱ्याचा नाका गाठायचा, घोडबंदर रोडला लागायचं आणि चेण्याला टपरीवर चहा पिऊन उन्हाच्या आत परत. टपरीवाली मावशी तिथल्याच गावातली. आम्हाला लांबून बघितलं की तिचं आलं ठेचणं सुरू व्हायचं.

अशाच एका चहावर माझ्या तोंडून निघून गेलं, की मला एकदा माहेरी सायकलने जायचंय. पन्नाशीच्या आत. गाडीने गेले, एसटीने गेले, रेल्वेने गेले. लग्न होऊन निघाले त्या अंगणात आता स्वतःच्या पायांनी पेडल मारत जाऊन उभं राहायचं. बोलून झाल्यावर मलाच लाज वाटली. ती मात्र हसली नाही. "जाऊ की," ती म्हणाली, "आईंना सांगून ठेव, दोघी येतोय." त्या एका वाक्यासाठी मी तिला पुढे बरंच काही माफ करत आले.

रविवारी रस्त्यावर भेटणाऱ्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये विषय निघाला आणि आम्ही दोघी धरून सहा जण तयार झाले. पंधरा ऑगस्टची जोडून सुट्टी, तीन मुक्काम, सामानाला मागून टेम्पो, शेवटचा मुक्काम माझ्या आईकडे. आईने फोनवर ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो जेवायला किती माणसं याचा.

मग डिसेंबरात नडगी फुटली. तेव्हा आमच्या दोघींच्या सायकलींना फ्लॅट पेडल होते, म्हणजे साधे, सपाट, वर पाय ठेवायचा आणि मारायचे. फक्त पाय घसरू नये म्हणून त्यांच्यावर बारीक टोकदार पिना असतात. घोडबंदर रोडवर एका गतिरोधकावरून मी नको तेवढ्या जोरात गेले, सायकल उडाली, पाय सुटला, आणि पेडल गर्रकन फिरून पिनांसकट नडगीवर आला. नडगीवर मांस असं नसतंच. मी खाली बघितलं तेव्हा पांढरं काहीतरी दिसलं, आणि मग मी बघितलं नाही. मैत्रिणीने तिची ओढणी घट्ट बांधली, रिक्षा थांबवली, दवाखान्यात टाके घालताना माझा हात धरला आणि डॉक्टरांशी माझ्यापेक्षा जास्त तीच बोलली. हे मी मुद्दाम लिहितेय. ती वाईट बाई असती तर मला एवढं लागलंच नसतं.

टाके निघाल्यावर ग्रुपमध्ये पेडलांवरून रणकंदन माजलं. रिटायर झालेले एक काका कट्टर क्लिपवाले. त्या पेडलांचं नाव क्लिपलेस, आणि त्यांचं काम काय, तर बूट चापात अडकवून ठेवायचा. बुटाच्या तळव्याला स्क्रूने एक लोखंडी तुकडा बसवलेला असतो, त्याला क्लीट म्हणतात. तो पेडलात दाबला की टक करून बसतो, टाच बाहेर वळवली की सुटतो. "पाय घसरायचा प्रश्नच नाही," काका म्हणाले. एक तरुण मुलगी म्हणाली, "पण काका, सिग्नलला पाय सुटला नाही तर? आणि गुडघ्याचं काय?" काकांनी गुडघ्याचा मुद्दा हाताने झटकून टाकला. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि माझं काही ठरेना. फ्लॅट ठेवले तर नडगीची भीती, क्लिप लावली तर पडायची. दोन्हीकडे पाय माझाच होता.

ठरवलं मैत्रिणीने. सोसायटीच्या बाकावर बसून, माझ्या व्रणाकडे बघत ती म्हणाली, "हे बघ, तीन दिवस घाट उतरायचेत. पुन्हा पाय घसरला तर? आपण दोघी क्लिप लावू. तू एकटी नाहीयेस ना. माझंही तेच होणार जे तुझं होईल."

मी तयार झाले ते या शेवटच्या वाक्यावर.

महाशिवरात्रीच्या सुमारास आम्ही दुकानात गेलो. माझ्या मापाचे बूट होते, तिच्या मापाचे नव्हते. दुकानदाराने माझ्या बुटाच्या तळव्यावरचं रबरी झाकण कटरने कापून काढलं. नव्या बुटात क्लीटची जागा अशा झाकणाने बंद असते; ज्याला क्लिप लावायची नाही तो तसेच बूट वापरू शकतो. मग त्याने आत क्लीट बसवली, नजरेनेच सरळ केली आणि म्हणाला, "मॅडम, पंधरा दिन चलाके वापस लाना. आपका पैर थोडा बाहर जाता है, अँगल देखना पडेगा." झाकणाचा तुकडा त्याने माझ्या हातात दिला. मी तो घरी आणून किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकला, कारण मी काहीच फेकत नाही.

तिचे बूट आठवड्याने आले. तेव्हा मी शाळेच्या कामात अडकले होते, ती एकटीच जाऊन घेऊन आली, पेडलही बसवून आली. "सेम टु सेम," म्हणाली. पेडलच्या एका बाजूला चाप दिसत होता. दुसरी बाजू मी कशाला वाकून बघतेय?

आम्ही सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टात भिंतीला हात लावून सराव केला. पाय अडकला की मोठ्याने "लागलं!" म्हणायचं, सोडवला की "सुटलं!" ही पद्धत तिनेच काढली, म्हणजे एकमेकींना कळेल आणि कुणी अडकलेल्या पायाने थांबायला जाणार नाही. वॉचमनला वाटलं आमच्या डोक्यावर परिणाम झालाय. नंतर रस्त्यावरही ते चालू राहिलं. दर रविवारी गेटवर मी म्हणायचे, "लागलं." मागून तिचा आवाज यायचा, "लागलं." नाक्याच्या अलीकडे मी म्हणायचे, "सुटलं." ती म्हणायची, "सुटलं." मला त्या आवाजाचा केवढा आधार होता.

दुसऱ्याच आठवड्यात मी काशिमिऱ्याच्या सिग्नलला पडले. पाय सुटला नाही. सायकल उभीच्या उभी हळूहळू कलली आणि मी तिच्यासकट एका रिक्षाच्या चाकाशी आडवी झाले. रिक्षावाला खाली उतरून ओरडत होता, "अरे दीदी, पैर तो निकालो!" मला तरी दुसरं काय हवं होतं? मैत्रीण बाजूला पाय टेकून निवांत उभी होती. मी झोपल्या झोपल्या तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, हिला किती पटकन जमलं. मला कौतुक वाटलं तिचं. आज ते आठवलं की माझेच कान गरम होतात.

मार्चच्या मध्यावर डावा गुडघा बोलायला लागला. बाहेरच्या बाजूला, हाडाच्या जरा वर, आधी नुसती कुणकुण. दहा किलोमीटरनंतर सुरू व्हायचं आणि घरी येऊन अंघोळ केली की जायचं. मग पाच किलोमीटरनंतर यायला लागलं. मग शाळेच्या जिन्यावर. मी तिला विचारलं, नियमाप्रमाणे, "तुझं कसं आहे गं? माझा डावा गुडघा दुखतोय."

"माझाही दुखत होता ना," ती म्हणाली. "सुरुवातीला सगळ्यांचंच दुखतं. पाय अडकलेला असतो, सवय नसते. माझं तीन आठवड्यांत गेलं. तुझंही जाईल."

"दुकानात दाखवायचं का? तो अँगल बघतो म्हणाला होता."

"माझाही तसाच सरळ लावलाय त्याने. काही होत नाही. उगाच हलवलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून."

तिचं तीन आठवड्यांत गेलं म्हटल्यावर मी तीन आठवडे थांबले. मग स्वतःलाच दोष दिला, की मी तिच्यापेक्षा जाड, माझं चारमध्ये जाईल. खोबरेल तेल कोमट करून चोळलं. गुडघ्याला पट्टा बांधला. मेडिकलमधल्या गोळ्या घेतल्या. एप्रिल गेला. मे महिन्यात ऑगस्टची तयारी म्हणून आम्ही अंतर वाढवलं, आणि परतीच्या वाटेवर मी एका पायाने सायकल मारत यायचे, डावा नुसता बरोबर फिरायचा. दर वेळी मी विचारायचे, आणि दर वेळी ती स्वतःच्या गुडघ्याबद्दल काहीतरी सांगायची. चढावर कसं आधी टोचायचं, मग एक दिवस कसं जाणवेनासं झालं. एवढं बारीक सांगायची की माझी खात्रीच पटायची. चेण्याच्या मावशीच्याही लक्षात आलं. "काय झाला गो पायाला? लंगरतेस का?" ती म्हणाली. "दाक्तरला दाखिव, असा बरा न्हाय." माझ्या वतीने मैत्रिणीनेच उत्तर दिलं, "सवय होतेय मावशी, माझंही झालं होतं."

जूनच्या पहिल्या रविवारी त्याच टपरीवर ते उघड झालं, आणि तेही किती क्षुल्लक कारणाने. तिच्या बुटात खडा गेला होता. तिने बूट काढला, उलटा केला आणि बाकाच्या कडेवर आपटला. तळवा माझ्या तोंडासमोर होता. त्यावर रबरी झाकण होतं. कंपनीतून आलं तसं, चारही कडांनी शाबूत, कटर लागलेला नाही, स्क्रू नाही, क्लीट नाही.

मला पहिल्यांदा कळलंच नाही मी काय बघतेय. वाटलं, हिने दुसरे बूट घातले असतील. मग मी उठले आणि तिच्या सायकलजवळ जाऊन हाताने पेडल फिरवला. एका बाजूला चाप, कोरा करकरीत. दुसरी बाजू सपाट, आणि तिच्यावरचा रंग बुटाने घासून गेलेला. तसे पेडल मिळतात, हे मला त्या दिवशी समजलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

ती हसली. "अगं, ते काढायचं राहून गेलं."

"चार महिने?"

मावशीने चहा आणून ठेवला आणि आमची तोंडं बघून लगेच मागे वळली.

"मला भीती वाटली गं," मैत्रीण शेवटी म्हणाली. "तू सिग्नलला पडलीस ना, त्यानंतर हिंमतच झाली नाही."

"मी पडले त्याच्या आधीपासून तू 'लागलं' म्हणत होतीस."

"तुला धीर यावा म्हणून."

"आणि तुझा गुडघा? तीन आठवड्यांत गेला तो?"

तिने बूट घालायला सुरुवात केली. बंद बांधायला तिला फार वेळ लागला. दुखलाच नव्हता तिचा गुडघा, एक दिवसही नाही. माझ्या डोक्यात एकेक सकाळ उलटी फिरायला लागली. मी विव्हळत विचारत होते आणि ही बसल्या जागी न झालेलं दुखणं रचून सांगत होती, चढ-उतारासकट. भीती वाटली, हे मी समजू शकत होते. मलाही रोज वाटत होती. "बाई गं, मी नाही लावली क्लिप, तू तुझं बघ," एवढं म्हणाली असती तर मी तिला चिडवलं असतं आणि विषय संपला असता. मला संताप आला. रडूही आलं, आणि तिच्यासमोर रडायला आलं म्हणून जास्त संताप आला. मी चहा तसाच ठेवला आणि निघाले. उतारावर सवयीने तोंडातून "लागलं" निघालं. मागे कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात मी डॉक्टर आणि मग फिजिओथेरपिस्ट गाठला. मीरा रोडला स्टेशनजवळ एका माडीवर त्याची खोली, चढायला अठरा पायऱ्या, हेही गुडघेवाल्यांचं नशीब. त्याने मला नुसतं चालायला लावलं, आठ-दहा पावलं, आणि विचारलं, "डावं पाऊल बाहेर वळतं, माहितीये तुम्हाला?" माहीत होतं. दुकानदारालाही माहीत होतं. "मग झालं. पाऊल बाहेर जायला बघतंय आणि क्लीटने ते सरळ धरून ठेवलंय. पाऊल हलू शकत नाही, मांडी जोर लावतेय, तर पीळ कुणाला बसणार? मधल्या सांध्याला. तासाला हजारो वेळा."

"म्हणजे क्लिप वाईट?"

"क्लिप वाईट असं नाही, फ्लॅट चांगली असंही नाही. फ्लॅटवर पाय स्वतःची जागा स्वतः शोधतो, घसरला तर खरचटतं. क्लिपमध्ये जागा आपण ठरवून द्यायची असते आणि चुकली तर पाय आतून सांगतो. तुमचा सांगत होता की. पहिल्या पंधरा दिवसांत आला असता तर दोन मिलिमीटर फिरवून काम झालं असतं. एवढे महिने का थांबलात?"

मी म्हटलं, "मैत्रिणीचं तीन आठवड्यांत बरं झालं होतं." तो म्हणाला, "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं." मी मान हलवली. त्याला काय सांगत बसणार?

तीन महिने सायकल बंद. त्यानंतर थोडी थोडी. या वर्षी लांबची राइड विसरा, आणि पुढे घाटबीट चढायचे की नाहीत ते नंतर बघू. मी तिथेच स्टुलावर बसून बोटांवर पन्नाशी मोजली. मोजायला फार बोटं लागली नाहीत.

ती चार दिवसांनी घरी आली. हातात डबा, घावणे केले होते. माझ्या दारात ती कधी बेल वाजवत नसे, त्या दिवशी वाजवली. मी आत ये म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही, तेव्हा ती आली आणि नेहमीच्या खुर्चीवर बसली. फिजिओने काय सांगितलं ते मी सांगितलं. ऐकताना तिचे डोळे भरले, हे मी नाकारत नाही. मग ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाजी कुठे स्वस्त मिळाली ते सांगावं तशी, "खरं सांगू का? मला वाटलं आधी तुझं काय होतंय ते बघू. तुला जमलं की मग मी लावीन. दोघींनी एकदम पाय कशाला अडकवून घ्यायचे?"

तिला यात काही चुकीचं वाटत नव्हतं. माझ्या पायावर तिने चार महिने बघून घेतलं होतं. आणि माझं दुखतंय हे दिसल्यावर सांगायचं सोडून मला पुढे ढकलत राहिली, कारण सांगितलं असतं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं. "डबा घेऊन जा," मी म्हटलं. ती डबा ठेवून गेली. घावणे नवऱ्याने खाल्ले, त्याला आवडले.

पुढचे दोन महिने आम्ही लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, मंडईत भेटत राहिलो. एकाच कॉम्प्लेक्समध्ये अबोला नीट धरताही येत नाही. दूध संपलं का, पाणी किती वाजता येणार, एवढं बोलणं व्हायचंच. ऑगस्ट जवळ आला. तिने पेडल बदलून पुन्हा साधे फ्लॅट बसवले, उघडपणे. निघायच्या आठवड्यात तिने मला पार्किंगमध्ये गाठलं. "आईंनी सगळी तयारी केली असेल ना," ती म्हणाली. "आम्ही पाच जण जातोच आहोत. त्यांच्याकडचा मुक्काम रद्द केला तर त्यांना वाईट वाटेल. काय करू?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आजही सुचतं, रोज नवीन. तेव्हा म्हटलं, "जा." कारण आईला नको म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं. तिला मी गुडघ्याचंही सांगितलं नव्हतं. सुट्टी मिळत नाही अशी थाप मारली होती. आई ऐंशीच्या घरात, एकटी राहते. मी पाय मोडून घेतला म्हटलं असतं तर ती रात्रभर जागी राहिली असती. एसटीने पुढे जाऊन त्यांची वाट बघत अंगणात उभं राहता आलं असतं मला. पण मैत्रिणीला त्या अंगणात सायकलवरून शिरताना बघायची माझी तयारी नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज एवढा आनंदी, की वर्षभरात तसा ऐकला नव्हता.

"अगो, पोचली सगळी," ती म्हणाली. "स्पीकरवर ठेवलाय हां फोन, हाताला तेल हाय माझ्या. तुझ्या मैत्रिणीचे पाय चोळतेय. नको नको म्हनत होती, मी म्हटलं, माझ्या पोरीसारखीच ना तू. दारात पायांवर पानी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. चिखलाने कशी माखली होती! पन किती खुशीत हाय."

मी म्हटलं, "बरं केलंस आई."

"आनि तू गो? गुडघा दुखावून घेतलास आनि मला सांगतेस सुट्टी न्हाय? ती बोलली सगळं. ती कवापास्नं तुला सांगत होती म्हने, ते अडकवायचं पेडल तुला झेपनार न्हाय, नको घेऊ. तर तू ऐकलं न्हाईस."

मी खिडकीशी उभी होते. डाव्या पायावर भार आला होता, तो मी काढला.

"लहानपनापास्नं तुझी हीच खोड," आई बोलत होती, आणि बोलता बोलता तिचा हात चालू होता, तेलाचा चप चप आवाज मला फोनमधून ऐकू येत होता. "कुनाचं ऐकायचं म्हनून न्हाय. एवढी जीव लावनारी मैत्रीन मिळाली हाय, तिचं तरी ऐकायचं होतंस. ऐकायचं होतं की न्हाय?"

स्पीकर चालू होता. ती तिथेच बसलेली होती, माझ्या आईच्या पुढ्यात पाय पसरून, आणि माझा प्रत्येक शब्द तिला ऐकू जाणार होता. मी थोडं थांबले. तिला वेळ दिला. एवढी तरी संधी तिने घ्यावी असं मला मनापासून वाटत होतं.

पलीकडून ती काही बोलली नाही.

"हो आई," मी म्हटलं. "ऐकायला हवं होतं."